गुरगुरणाऱ्या कुत्र्याला गप्प करू नका

"तुम्ही कुठली पद्धत वापरता?" असं कुत्र्याला शिकवायला मला बोलावणारे सगळे पहिल्याच भेटीत विचारतात. मी आधी लीश सोडायला सांगते आणि दहा मिनिटं कुत्र्याकडे नुसती बघत बसते. समोर खायला नसताना तो नाकावरून जीभ फिरवतोय का? झोप आलेली नसताना जांभया देतोय? मान तशीच ठेवून कडेने बघताना डोळ्यातलं पांढरं दिसतंय? असा कुत्रा ताणात असतो, आणि ताणातल्या कुत्र्याला त्या दिवशी मी काहीही शिकवत नाही.

सुरुवातीला मीही पट्ट्याला हिसका देऊनच शिकवायचे. मालकाने कळपाचा म्होरक्या व्हावं, अशी तेव्हा माझी समजूत होती. तिचं मूळ प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये लिहिलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या अभ्यासात आहे. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, म्होरकेपणासाठी भांडणारी टोळी नव्हे, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये मांडलं. मी ते फार उशिरा वाचलं.

त्याआधी एक लॅब्रॅडॉर माझ्याकडे आला होता. वाडग्याजवळ कुणी गेलं की गुरगुरायचा. मी हिसके देऊन तीन आठवड्यांत त्याचा आवाज बंद केला. घरचे खूश, मीही खूश. मग एका संध्याकाळी हूं की चूं न करता त्याने माझं मनगट धरलं. त्याची भीती होती तिथेच होती. आधी सांगायची सोय तेवढी मी काढून घेतली होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता असा कुत्रा आला की मी इतक्या लांब उभी राहते, की तो निवांत खात राहील. तिथून वाडग्यातल्यापेक्षा चांगलं काहीतरी, उकडलेल्या चिकनचा तुकडा वगैरे, त्याच्याकडे टाकते आणि लगेच मागे फिरते. मान ताठ झाली किंवा तो भराभरा गिळायला लागला, तर मी फार जवळ गेले असं समजायचं. मला बघून तो अंग सैल ठेवून वर बघायला लागला, की पुढच्या वेळी अर्धं पाऊल पुढे. यात आठवडे जातात. मुलांना या कामात आणू नका, आणि कुत्रा आधी चावलेला असेल तर एकट्याने करू नका.

पद्धत निवडताना माझा क्रम ठरलेला आहे. वागणं अचानक बदललं असेल तर पहिल्यांदा पशुवैद्य. कान, दात किंवा सांधे दुखत असले तर शिकवून काय उपयोग? मग आजूबाजूची व्यवस्था: चपला कुरतडतो, तर चपला कपाटात आणि त्याला चघळायला दुसरं काही. त्यानंतर बक्षीस, आणि इथे वेळ चुकवू नका. बूड जमिनीला टेकलं त्याच क्षणी "शाब्बास" म्हणा, लगेच खाऊ द्या. तो उठल्यावर दिलात तर उठल्याबद्दल मिळाला असं त्याला वाटतं. अंगावर उड्या मारत असेल तर पाठ फिरवा, चारही पाय खाली आले की लक्ष द्या.

याच्या पुढे मी जात नाही. काटेरी पट्टा नाही, शॉकचा पट्टा तर नाहीच. दुखलं त्या क्षणी समोर सायकलवरचं मूल असेल, तर कुत्रा ती वेदना त्या मुलाशी जोडू शकतो.

बाहेर गेल्यावर नेहमीचा आवडता खाऊही तो तोंडात घेत नसेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. बहुतेक वेळा तो घाबरलेला किंवा फार उत्तेजित झालेला असतो. तो खाऊ घेईपर्यंत मागे मागे या आणि तिथून सुरुवात करा.