परतीच्या पावसात ड्रोन उडवताना: २.४ की ५.८?

शेतकरी बंधू-भगिनींनो, भाद्रपद-अश्विनात शेत बाहेरून जेवढं दिसतं, त्यापेक्षा आत बरंच काही घडलेलं असतं. आडसाली उसात पाणी कुठे साचलंय, वाऱ्याने ऊस कुठे लोळलाय, रानडुकरांनी मका कुठून मोडलाय, हे बांधावरून कळत नाही आणि चिखलामुळे आत शिरवत नाही. म्हणून आता बऱ्याच गटांकडे छोटा कॅमेरा ड्रोन आलाय. मात्र याच दिवसांत मला सगळ्यांत जास्त फोन येतात ते एकाच तक्रारीचे: 'चित्र अडकलं, ड्रोन ऐकत नाही.' बहुतेक वेळा ड्रोन ठणठणीत असतो. चूक असते ती बँड, म्हणजे ड्रोन आणि रिमोट ज्या रेडिओ पट्टीवर बोलतात ती, निवडण्यात आणि त्याहून जास्त, आपण उभं कुठे राहिलो त्यात.

गेल्या वर्षी कृष्णाकाठच्या एका मळ्यात मी स्वतः हे भोगलंय. सकाळचे साडेआठ, पानापानावर दव. दोन्ही बाजूंना चौदा महिन्यांचा ऊस आणि मधल्या पाऊलवाटेवर मी. ड्रोन साडेतीनशे मीटरवर गेला आणि पडद्यावरचं चित्र चौकोना-चौकोनात फुटून गोठलं. मोटरीच्या खोलीच्या स्लॅबवर उभे असलेले काका ओरडले, "अरं, मला हितनं दिसतोय की त्यो!" मी शिडीने स्लॅबवर गेलो आणि दोन सेकंदांत चित्र परत आलं. बँड तोच, ड्रोन तिथेच. फक्त रिमोट उसाच्या वर आला होता.

हिशेब साधा आहे. ड्रोन ४० मीटर उंचीवर आणि ५०० मीटर लांब असेल, तर हातातल्या रिमोटपासून ड्रोनपर्यंतची सरळ रेषा दर १०० मीटरला जेमतेम ८ मीटर चढते. रिमोट छातीशी, म्हणजे सव्वा मीटरवर. समोर साडेतीन मीटर उंच ऊस अगदी बांधाला लागून असेल, तर पहिले ३० मीटर सिग्नल उसातूनच घुसत जातो. ड्रोन ८० मीटर उंचीवर नेला, तर हेच अंतर निम्म्यावर येतं. स्लॅबवर चढलात, तर ऊस आडवा येतच नाही.

आता बँडकडे वळू. कॅमेरा ड्रोन साधारण दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५.८ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, ५.८ ची जेमतेम सव्वापाच. ताकद आणि अँटेना सारखे धरले, तर मोकळ्या हवेत २.४ चा सिग्नल ५.८ च्या जवळजवळ अडीचपट लांब पोचतो. पानांतून जाताना हा फरक आणखी वाढतो, कारण ओलं पान सिग्नल पितं आणि आखूड लहर जास्त पितं. पावसाच्या सरीने या दोन्ही बँडना फारसं काही होत नाही, हे पुष्कळांना पटत नाही. नडतात ती भिजलेली पानं. तरीही पावसात ड्रोन उडवू नका. सिग्नल राहील, पण मोटर आणि कॅमेऱ्यात पाणी शिरेल.

म्हणून ऊस, मका, केळी, दाट आमराई अशा ठिकाणी या हंगामात माझी पहिली पसंती २.४ लाच आहे. आजूबाजूला वस्ती नसेल तर फार विचार करू नका, २.४ लावा.

वस्तीजवळ गोष्ट वेगळी. घरातला वायफाय राऊटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे २.४ च्याच आसपास. या पट्ट्याला जागाही थोडी, २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढीच. शिवाय आपल्याकडे ४जी चा एक बँड २३०० ते २४०० मध्ये, म्हणजे अगदी शेजारी चालतो. टॉवर शेताला लागून असेल आणि ड्रोन त्याच्या समोरून गेला, तर २.४ वर चित्र थरथरू शकतं. अशा जागी ५.८ लावून बघा. ५७२५ ते ५८७५ ही पट्टी रुंद आहे आणि तिथे घरगुती गर्दी कमी असते. सोयाबीनचं रान, भुईमूग, कांद्याची रोपवाटिका अशा ठेंगण्या पिकांवर ड्रोन आणि रिमोट यांच्या मध्ये काही नसतं. तिथे ५.८ वर चित्र छान स्वच्छ येतं, फक्त फार लांब जाऊ नका. एक सावधगिरी: गावात डिश लावून वायरलेस इंटरनेट देणारे बहुधा ५ गिगाहर्ट्झच्याच पट्टीत काम करतात. पाण्याच्या टाकीवर किंवा देवळाच्या कळसाजवळ तशी पांढरी डिश दिसली, तर तिच्या समोरून उडवताना ५.८ वर भरवसा ठेवू नका.

ड्रोनमध्ये दोन्ही बँड असतील तर सुरुवातीला 'ऑटो' ठेवा, तो स्वतः मोकळी जागा शोधतो. बऱ्याच ॲपमध्ये सिग्नलचा आलेख दिसतो. ड्रोन दहा मीटरवर स्थिर करा, मिनिटभर तो आलेख पाहा आणि कुठे गर्दी आहे ते ओळखा. बँड बदलायचा असेल तर ड्रोन जवळ असताना, शक्यतो जमिनीवर असतानाच बदला. चारशे मीटरवर चित्र गेल्यावर घाईघाईने सेटिंगमध्ये शिरणं हा सगळ्यांत महागडा प्रकार. त्या वेळी बोटं थांबवा, ड्रोनची उंची वाढवा आणि स्वतः चार पावलं उघड्यावर या. फोनचा हॉटस्पॉट आणि खिशातल्या दुसऱ्या फोनचा वायफाय आधीच बंद ठेवा.

रिमोटच्या अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखून धरणारे खूप दिसतात. काठीसारख्या किंवा पट्टीसारख्या अँटेनाच्या टोकातून सिग्नल सर्वांत कमी निघतो, बाजूने जास्त. अँटेनाची कूस ड्रोनकडे हवी. एवढ्याशा बदलाने गोठलेलं चित्र सुटलेलं मी कितीदा पाहिलंय.

द्राक्ष बागायतदारांसाठी वेगळं सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाली की वेल उघडे पडतात, पानांचा अडथळा संपतो. पण लोखंडी अँगल आणि तारा असतातच. मांडवाखाली उभं राहून रिमोट चालवाल, तर सिग्नल तारांवर आपटून वाकडातिकडा येतो, मग बँड कोणताही असो. बाहेर, रस्त्याच्या कडेला उभे राहा. निफाड-दिंडोरी भागात ओझरचा विमानतळ आहे हे विसरू नका. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात आपलं शेत लाल, पिवळ्या की हिरव्या (परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या) क्षेत्रात येतं ते आधी पाहा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रातही साधारण १२० मीटर उंचीपर्यंतच मुभा आहे, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरवर येते. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन दुसऱ्याच्या शेतावर पैसे घेऊन उडवत असाल, तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं.

सिग्नल गेलाच तर काय करायचं, हे ड्रोनला उडण्याआधी सांगून ठेवा. सेटिंगमध्ये 'परत ये' निवडलेलं असावं. 'जागीच थांब' असेल तर बॅटरी संपेपर्यंत तो उसावर घिरट्या घालेल आणि मग आतच उतरेल. परत येण्याची उंची शिवारातल्या सर्वांत उंच झाडापेक्षा, विजेच्या मनोऱ्यापेक्षा निदान १५ मीटर जास्त ठेवा. नारळ आणि निलगिरी मोजायला विसरतात लोक. उपग्रह पुरेसे सापडून घरची जागा, म्हणजे जिथून तो उडतो ती, नोंदली जाईपर्यंत उडवू नका, नाहीतर तो परत येईल तो भलतीकडेच. उडवायची जागा खळ्यासारखी मोकळी हवी, कारण तो तिथेच उतरणार.

वेळ म्हणाल तर या दिवसांत सकाळी दहा ते साडेअकरा बरी. दव उडालेलं असतं, पानं कोरडी असतात आणि दुपारनंतर गडगडाट करत येणाऱ्या ढगांना अजून अवकाश असतो. ऊस पाहायचा असेल तर जाताना शिडी बरोबर घ्या.