क्लास निवडताना आणि लढताना या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे आता सुट्टीच्या दिवशी कोणाच्या ना कोणाच्या घरी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत गोष्ट खेळायच्या खेळाचा, डाव बसतो. उन्हाळ्यात दुपारी तर माणूस खोलीतही टिकत नाही, म्हणून रात्री जेवणं आटोपली की गच्चीवर सतरंजी टाकतो. डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा, बहुतेक वेळा मीच. नवीन पोरं येतात ती व्हिडिओत पाहिलेली यादी पाठ करूनच: हा क्लास (पात्राचा प्रकार) एक नंबर, तो भंगार. नियमांचं पुस्तक उघडलेलं नसतं. आमच्या गटात अजून २०१४ चे पाचव्या आवृत्तीचे नियम चालतात, त्यामुळे खालचं सगळं त्याच हिशोबानं.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे फायटरला, म्हणजे तलवार-ढालवाल्या लढवय्याला, व्हिडिओ गेममधला टँक (सगळे वार स्वतःवर ओढणारा) समजणं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या गेममध्ये टँक टाँट मारतो, म्हणजे डिवचतो, आणि राक्षस त्याच्यामागे लागतो, कारण तिथे शत्रू गेमच्या हिशोबानं चालतो. इथे शत्रू डीएम चालवतो. लांडग्याला भूक असते, दरोडेखोराला अक्कल असते. चिलखतवाल्याला सोडून मागच्या झगेवाल्या विझर्डला (जादूगाराला) धरायचं हे त्यांनाही कळतं.

हिवाळ्यात आसोद्याला एका मित्राच्या मळ्यात भरीत झाल्यावर डाव मांडला होता. चौघेही दुसऱ्या लेव्हलचे. फायटर घेतलेल्या पोराचं काम कागदावर चोख होतं: चेनमेल आणि ढाल, एसी (वार लागायला शत्रूनं गाठायचा आकडा) १८. पडक्या किल्ल्याच्या चौकात चार लांडगे आले. हा गडी चौकाच्या बरोबर मधोमध जाऊन उभा राहिला. म्हणाला, "भो, येऊ द्या, सगळे माझ्यावरच येतील." मी विचारलं, "इथेच उभा राहतोस?" तो म्हणाला, "इथेच."

एक लांडगा त्याच्यावर गेला, तीन बाजूनं निघाले. आपल्या पल्ल्यातून निसटणाऱ्या शत्रूवर आयता वार करता येतो, पण त्याला रिअ‍ॅक्शन लागते आणि ती एका राउंडमध्ये, म्हणजे सगळ्यांची एकेक टर्न (पाळी) होईपर्यंत, एकदाच मिळते. त्यानं पहिल्यावर वार केला, लागलाही. बाकीचे दोन सरळ विझर्डवर. विझर्डचे हिट पॉइंट (जीव) १२, एसी १२, आणि लांडग्याचा एक चावा सरासरी ७ चा. लांडगे दोन असले की पॅक टॅक्टिक्समुळे एकमेकांच्या जोरावर त्यांना दोन फाशांतला मोठा धरायचा अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. दोन चावे लागले आणि विझर्ड आडवा झाला. त्याला अजून एकही टर्न मिळालेली नव्हती. मागे दहा फुटांवर एक दरवाजा होता, पाच फूट रुंदीचा, नकाशावर मी स्वतः काढलेला. फायटर त्यात उभा राहिला असता, तर एका वेळी एकच लांडगा त्याला भिडला असता आणि विझर्ड मागे सुखरूप राहिला असता. शत्रूच्या अंगावरून असं कोणी पलीकडे जात नाही, नियमच तसा आहे.

म्हणून माझी सवय सांगतो: लढाई सुरू झाली की पुढच्या माणसानं आधी नकाशा बघायचा, मग तलवार. दरवाजा, पूल, जिना, बोळ, जे अरुंद असेल ते धरायचं. अरुंद काहीच नसेल तर विझर्डला चिकटून उभं राहायचं. सेंटिनल फीट (जादा कौशल्य) किंवा बॅटल मास्टर या फायटरच्या उपप्रकाराचा डिवचणारा गोडिंग अटॅक यांनी शत्रू थोडाफार अडकवता येतो, पण ते बहुतेक पुढच्या लेव्हलला. पहिल्या लेव्हलला जागा हेच हत्यार.

दुसरी चूक, क्लेरिकला, म्हणजे देवाच्या जोरावर मंत्र टाकणाऱ्याला, दवाखाना करणं. कोणाला खरचटलं की क्लेरिक धावत जाऊन क्युअर वून्ड्स हा जखम भरायचा स्पेल (मंत्र) टाकतो. हिशोब करा: पहिल्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये (स्लॉट म्हणजे मंत्र टाकायची दिवसाची मोजकी संधी) १डी८, म्हणजे आठ बाजूंचा एक फासा, आणि ३ धरले तर सरासरी साडेसात. ओग्र राक्षसाचा एक फटका २डी८+४, म्हणजे सरासरी १३. त्यात अख्खी अ‍ॅक्शनही गेली. अशा लढाईत क्लेरिक राबराब राबतो आणि गट तरी हरतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच ब्लेस टाका, तिघांच्या वारांना आणि सेव्हना (संकटातून वाचायच्या फाशांना) १डी४ ची भर मिळते. कोणी शून्यावर पडला की हीलिंग वर्ड: साठ फुटांवरून, बोनस अ‍ॅक्शनमध्ये. मिळतात थोडेच पॉइंट, पण पडलेला माणूस उठतो, आणि १ पॉइंटवरचा फायटरही पूर्ण ताकदीनं मारतो. त्याच टर्नला क्लेरिकला गदा चालवता येते किंवा कँट्रिप (स्लॉट न लागणारा मंत्र) टाकता येतं. २०२४ च्या नियमांत दोन्ही हीलिंग स्पेलचे फासे दुप्पट झालेत, तरी फटक्यामागे धावत सुटणं मला पटत नाही.

डॅमेजच्या आकड्यावरून क्लासची तुलना करणाऱ्यांना एकच विचारतो: दिवसात लढाया किती? पाचव्या लेव्हलच्या विझर्डचा फायरबॉल ८डी६, सरासरी २८, तोही वीस फुटांच्या त्रिज्येतल्या प्रत्येकाला. बघायला भारी. पण तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट त्याच्याकडे दोनच. फायटर त्याच लेव्हलला दर टर्नला दोन वार करतो, सकाळपासून रात्रीपर्यंत. तासाभराची विश्रांती मिळाली की त्याचा जादा कृती देणारा अ‍ॅक्शन सर्जही परत येतो. एकच लढाई खेळवून विझर्ड श्रेष्ठ ठरवणं मला अर्धवटपणा वाटतो, आणि यादीवाले बहुतेक तेच करतात.

रोग (चोर-टेहळ्याचा क्लास) एकटाच पुढे भटकतो आणि मग स्नीक अटॅक (संधी साधून केलेला जादा मार) मिळत नाही म्हणून कुरकुरतो. अ‍ॅडव्हान्टेज नसेल, तर लक्ष्याच्या पाच फुटांत आपला एक माणूस हवा, हे वाचा. बार्बेरियनला जड चिलखत घालू नका, रेजचा (त्याच्या संतापाच्या भराचा) फायदाच मिळत नाही. कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे लक्ष धरून चालू ठेवायचा, स्पेल एका वेळी एकच. आपली माणसं आत असताना फायरबॉल टाकू नका, ज्यांना ती वगळता येतात ते विझर्ड वेगळे.

चौथ्या आवृत्तीत, २००८ साली, प्रत्येक क्लासवर डिफेंडर, स्ट्रायकर, लीडर, कंट्रोलर अशी कामाची चिठ्ठीच होती. पाचव्या आवृत्तीत ती काढली. मला ती आवडायची, कारण नवख्याला निदान पहिला धडा आयता मिळायचा. आता तो मी देतो. कॅरेक्टर शीटच्या मागे प्रत्येकाला तीन ओळी लिहायला लावतो: मी कुठे उभा राहणार, पहिल्या टर्नला काय करणार, माझ्यामुळे कोणाची टर्न सोपी होणार. तिसरी ओळ कोरी राहिली तर फासे मी हातात ठेवतो आणि आधी शेजारच्याची शीट वाचायला देतो.