नुकसानाची मर्यादा आधी, धाडस नंतर

हिंगण्याच्या कारखान्यातली बरी चाललेली नोकरी सोडून स्वतःचे काही सुरू करावे, पुण्याहून आलेली नोकरीची संधी स्वीकारावी किंवा इतवारीतले वडिलोपार्जित दुकान भावाकडे सोपवून वेगळ्याच क्षेत्रात उतरावे, असे विचार नागपुरातील अनेकांच्या मनात वर्षानुवर्षे घोळत राहतात. घरात विषय निघाला की "कायले झंझट घेतं बापू, हाये ते बरं हाये" हे उत्तर ठरलेले असते, आणि बहुतेक वेळा ते प्रेमापोटीच आलेले असते. अशा वेळी स्फूर्तिदायक भाषणे ऐकून फारसे साधत नाही, कारण त्यांचा प्रभाव दोन दिवसांत ओसरतो आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. माझ्या मते धाडसाची सुरुवात हिशेबाच्या वहीत होते: आपण जास्तीत जास्त किती गमावू शकतो हे आधी ठरवावे, तो आकडा आपल्याला पेलेल इतका कमी करावा आणि मगच पाऊल उचलावे.

आधी स्वतःच्या भीतीचे माप जाणून घ्यावे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणसाला जितका आनंद शंभर रुपये मिळाल्याने होतो त्याहून बरेच अधिक दुःख शंभर रुपये गेल्याने होते. त्यांच्या नंतरच्या अभ्यासात हे प्रमाण साधारण दुप्पट निघाले. नाणेफेकीत हरल्यास शंभर रुपये द्यावे लागणार असतील, तर जिंकल्यावर दोनशेच्या आसपास मिळाल्याशिवाय बहुतेक माणसे खेळायला तयार होत नाहीत. म्हणजे "यात फार धोका आहे" असे मन सांगते तेव्हा त्यात खऱ्या धोक्याबरोबर मनाने वाढवलेला भागही असतो. हे दोन भाग वेगळे करण्याचा विश्वसनीय मार्ग म्हणजे लिहून काढणे, कारण डोक्यात घोळणाऱ्या भीतीला आकडा नसतो आणि कागदावर तो टाळता येत नाही.

कागदावर पहिली नोंद पैशाची करावी, आणि ती सर्वांत तपशीलवार असावी. किराणा, घरभाडे, मुलांची फी, औषधे, हप्ते असा महिन्याचा खरा खर्च काढावा. गेल्या सहा महिन्यांचे बँकेचे उतारे समोर ठेवल्यास अंदाजापेक्षा तो जास्त निघतो, असा बहुतेकांचा अनुभव आहे. या खर्चाच्या किमान सहा पट रक्कम बाजूला असल्याशिवाय नियमित पगार सोडू नये, आणि ती रक्कम धंद्याच्या भांडवलात धरू नये. नोकरी सोडताच कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा संपतो, म्हणून राजीनाम्याच्या बऱ्याच आधी कुटुंबाचा स्वतंत्र विमा काढावा. आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असू शकतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितके बरे. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. चार वर्षे उलटून काही महिने झालेल्या माणसाने आवेशाच्या भरात राजीनामा देण्यापूर्वी दिनदर्शिका पाहावी, एवढेच सांगतो.

कर्जाबाबत थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. भारतीय करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणून वडिलांची किंवा मेहुण्याची सही घेताना आपण त्यांचीही जोखीम घेत आहोत, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे. राहते घर गहाण ठेवून पहिला धंदा सुरू करण्याच्या मी विरोधात आहे. लहान उद्योगासाठी मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते, आणि पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चावर अनुदान असते. त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. एकल मालकीच्या धंद्यात धंद्याचे देणे मालकाच्या घरापर्यंत पोहोचते, हे लक्षात घेऊन देणी मोठी होण्याची शक्यता असेल तर मर्यादित दायित्व भागीदारी किंवा एकल व्यक्ती कंपनी या पर्यायांबाबत सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

दुसरी नोंद वेळेची आणि तिसरी प्रतिष्ठेची. वेळेची मर्यादा महिन्यांत लिहावी. प्रतिष्ठेच्या रकान्यात "लोक काय म्हणतील" असे मोघम न लिहिता ते लोक कोण, याची यादी करावी. ती सहसा सात-आठ नावांवर संपते, आणि त्यांतल्या निम्म्यांचे मत आपण एरवी विचारतही नाही.

किती जोखीम योग्य, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. काटोल-नरखेडचा संत्रा बागायतदार बहार धरण्यासाठी झाडांचे पाणी मुद्दाम तोडून त्यांना ताण देतो. हलक्या जमिनीत हा ताण लवकर बसतो, भारी जमिनीत त्याला अधिक दिवस लागतात, आणि शेजाऱ्याने किती दिवस पाणी तोडले हे पाहून कोणी शहाणा माणूस आपल्या बागेचे ठरवत नाही. तसेच आपली जमीन आपण ओळखावी. घरात दोन पगार असलेल्या आणि कर्ज नसलेल्या जोडप्याला जो ताण सोसवतो, तो म्हातारे आईवडील आणि गृहकर्ज सांभाळणाऱ्या एकट्या कमावत्याला सोसवेलच असे नाही, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मर्यादा ठरल्यावर लहान प्रयोग करावा. समजा, मानेवाड्यातील एखाद्या गृहिणीला सांबारवडीचा (सांबार म्हणजे आपल्याकडची कोथिंबीर) व्यवसाय करायचा आहे. हिवाळ्यात सांबार स्वस्त असतो, लोकांना भूक असते, प्रदर्शनांतील स्टॉलवर गर्दी असते आणि परिचित मंडळी भिडेखातर दोन डबे जास्त घेतात. या दिवसांतल्या विक्रीवरून दुकानाचे भाडे ठरवणे धोक्याचे आहे. तिने प्रयोग मे महिन्यात करून पाहावा, जेव्हा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो, दुपारचे रस्ते ओस पडतात आणि सांबाराची जुडी महाग झालेली असते. त्या महिन्यात अनोळखी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा परत आले, तर त्या एका पुराव्याला हिवाळ्यातल्या सगळ्या कौतुकापेक्षा अधिक वजन द्यावे. हाच नियम इतर क्षेत्रांतही वापरता येतो: शिकवणी सुरू करायची असेल तर आधी शनिवार-रविवारच्या तुकडीत अनोळखी पालकांकडून फी घेऊन पाहावी, आणि दुसऱ्या शहरात जायचे असेल तर शक्य झाल्यास कुटुंब इथेच ठेवून काही महिने तिथे काम करून पाहावे.

काही निर्णय मात्र प्रयोगाने तपासता येत नाहीत, कारण ते एकदाच घ्यायचे आणि मागे न फिरण्याचे असतात. याचे फार मोठे उदाहरण याच शहराच्या इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यास, चर्चा आणि अनुयायांच्या मनाची तयारी यांत गेली. आपल्या घरगुती निर्णयांची त्या निर्णयाशी बरोबरी करण्याचा हेतू अर्थातच नाही. पण थांबणे आणि टाळणे यांतला फरक तिथे स्वच्छ दिसतो. आपण थांबलो असू तर गेल्या तीन महिन्यांत काय वाचले, कोणाला भेटलो, किती रक्कम जमवली हे लिहून पाहावे, आणि कागद कोरा राहिला तर आपण टाळत आहोत असे समजावे.

टाळण्याची किंमत दिसत नाही म्हणून ती शून्य वाटते. राज्यसेवेची तयारी करणाऱ्या नागपुरातील मुलामुलींना हे विशेष सांगावेसे वाटते. खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ ही कमाल वयोमर्यादा ऐकायला ऐसपैस आहे, पण तिशी ओलांडल्यावर खासगी नोकरीत पहिले पाऊल टाकणे किती कठीण जाते, हे त्या मर्यादेत लिहिलेले नसते. "अजून एक वर्ष देतो" हा सुरक्षित वाटणारा निर्णयही जोखमीचाच आहे, आणि त्यालाही आधी ठरवलेली मर्यादा हवी. कोणत्या वर्षी, कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचलो नाही तर दुसरा मार्ग धरायचा, हे निकालाच्या आदल्या दिवशी ठरवू नये. अर्ज भरण्यापूर्वीच ते घरातल्या एका माणसाला सांगून ठेवावे.

घरच्यांशी बोलताना स्वप्न सांगण्यापेक्षा तो कागद दाखवावा. "बाबा, मला धंदा करायचा आहे" या वाक्यावर वाद होतो. "बाबा, दीड वर्ष आणि तीन लाख रुपये, यापुढे मी जाणार नाही, आणि तुमची सही कुठेही लागणार नाही" या वाक्यावर चर्चा होऊ शकते. वडिलांचे आक्षेप त्याच कागदावर टिपून घ्यावेत, कारण ज्यांनी आयुष्यभर एका पगारात घर चालवले त्यांना पैसा कुठून गळतो हे नीट ठाऊक असते.

शेवटी, मर्यादा गाठली गेली तर काम बंद करण्याची रीतही आधीच लिहून ठेवावी. कामगार आणि पुरवठादार यांचे पैसे आधी चुकते करावेत, भाडेकरारातील पूर्वसूचनेचा काळ पाळावा आणि जीएसटी नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी. दुकानाला कुलूप लावले तरी नोंदणी चालू असल्यास विवरणपत्रे देय होत राहतात आणि विलंब शुल्क चढत जाते, आणि नोंदणी रद्द झाल्यानंतरही तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र भरावे लागते.