सालींचा स्टॉक, सूपची निम्मी तयारी

गाजराची सालं, मशरूमचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, दाणे काढलेलं मक्याचं कणीस हे सगळं स्वच्छ धुऊन फ्रीझरमधल्या एका डब्यात साठवत जा. डबा भरला की सगळं पातेल्यात घाला, वर जेमतेम बुडेल एवढं पाणी ओता आणि झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास उकळा. झाकणामुळे गॅसही वाचतो. भाज्यांचा अर्क उतरलेलं हे पाणी गाळलं की झाला स्टॉक. कांद्याची वरची कोरडी साल थोडीच घाला. तिने रंग सुरेख येतो, पण जास्त झाली तर कडवटपणा उतरतो.

कोबी-फ्लॉवर मात्र नको, उकळून त्यांचा उग्र वास सगळ्या सूपला लागतो. बीट घातलंत तर प्रत्येक सूप लालच होणार! हिरवट पडलेली बटाट्याची सालं तर अजिबात नकोत, त्यांत सोलानिन हे विषारी द्रव्य असतं.

मीठ आत्ता घालू नका, सूप करताना घाला. गाळलेला स्टॉक २ तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. तिथे तो ३-४ दिवस टिकतो. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, मग लागेल तेवढेच तुकडे काढता येतात. उरलेला चोथा कंपोस्टमध्ये टाका. शिजून मऊ झाल्याने तो लवकर कुजतो.