बारीक पानांच्या रंगीत जलवनस्पती निवडताना

मत्स्यालयासाठी बारीक पानांची रंगीत वनस्पती घेताना बहुतेक जण आधी रंग पाहतात आणि तिथेच फसतात. विक्रीसाठी येणाऱ्या अनेक वनस्पती मुळात पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेल्या असतात. टाकीत लावल्यावर त्यांची जुनी पाने काही आठवड्यांत गळतात आणि शेंड्यातून फुटणारी नवी पाने आकाराने व रंगाने निराळी असतात. प्रोझरपिनाका पालुस्ट्रिस हे याचे ठळक उदाहरण होय. पाण्याबाहेर तिची पाने करवतीसारख्या कडांची, साधी हिरवी असतात. तीच पाण्याखाली, भरपूर प्रकाशात, कंगव्याच्या दातांसारखी चिरली जाऊन नारिंगी-तांबूस होतात. म्हणून आपण पाहतो आहोत ती पाने पाण्यातली की हवेतली, हे विक्रेत्याला आधी विचारावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न स्वतःला विचारायचा असतो: आपल्या टाकीत काय टिकेल? पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडण्याची सोय नसेल आणि दिवा मध्यम असेल, तर लिम्नोफिला सेसिलीफ्लोरापासून सुरुवात करावी. ती मुख्यतः पोपटी असते, मात्र उजेड चांगला मिळाल्यास शेंडे तांबूस होतात, आणि पिसासारखी पाने हवी असणाऱ्याची हौस ती भागवते. खरा लाल रंग हवा असल्यास अरुंद पानांची लुडविजिया आर्क्युआटा त्यातल्या त्यात समजूतदार आहे, पण तिलाही प्रकाश चांगला लागतो. रोटाला वालिचीचे गुलाबी, खारीच्या शेपटीसारखे शेंडे, कॅबोम्बा फर्काटाचा जांभळट झुपका आणि मिरिओफायलम ट्युबरक्युलॅटमचा गडद तपकिरी-लाल रंग पाहून मोह होतोच. परंतु या तिघींना तीव्र प्रकाश, नियमित खत आणि लिटरमागे साधारण 20 ते 30 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळाल्याशिवाय त्या आपले रूप दाखवत नाहीत. रोटाला वालिचीला शिवाय मृदू, म्हणजे कमी क्षारांचे, पाणी मानवते. पाणी उकळण्याच्या भांड्यात पांढरा थर साचत असेल, तर निदान तिचा नाद सोडलेला बरा.

लोहयुक्त खत ओतले की पाने लाल होतात, हा समज अर्धवट आहे. लोहाची उणीव असल्यास नवी पाने फिकट पडतात हे खरे. पण लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो आणि ते तयार होण्यासाठी मुख्यतः भरपूर प्रकाश लागतो. रोटालाच्या काही जातींत नायट्रेट हे पोषक द्रव्य कमी ठेवल्यास लाली वाढते, मात्र उपासमार फार झाली की शेंडे खुरटतात. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

खरेदी करताना जुडीतील एक काडी हलकेच वेगळी करून उजेडासमोर धरावी. शेंडा भरलेला व सरळ असावा, दोन पेरांमधले अंतर थोडे असावे आणि खोड दाबल्यास पिचू नये. खोडाचा खालचा भाग काळा पडला असेल, किंवा पानांच्या फटींत काळसर लव दिसत असेल, तर रंग कितीही देखणा असला तरी ती जुडी ठेवून द्यावी, कारण बारीक पानांत एकदा अडकलेले शेवाळ पाने न तोडता काढणे जवळजवळ अशक्य असते. हीच पाने टाकीतला गाळही धरून ठेवतात. म्हणून पाणी स्वच्छ आणि प्रवाह मंद, पण सतत असलेला बरा. गोल्डफिश पाळणाऱ्यांनी तर हा खर्च करूच नये; त्यांच्या दृष्टीने ही कोथिंबीर आहे.

लावताना जुडीभोवतीची शिशाची पट्टी काढून टाकावी, तळाच्या दोन-तीन पेरांवरची पाने खुडावीत आणि प्रत्येक काडी चिमट्याने, 2 ते 3 सेंटिमीटर अंतर सोडून स्वतंत्र रोवावी. एका टाकीत लाल झुपका एकच, मध्यापासून जरा बाजूला आणि हिरव्या पानांच्या पार्श्वभूमीवर असावा, असे माझे मत आहे. चार लाल झुपके एकत्र आले की एकही उठून दिसत नाही. काड्या पृष्ठभागाला टेकल्या की शेंडे कापून पुन्हा रोवावेत आणि विरळ झालेले बुंधे काढावेत. कापलेले तुकडे मात्र नाल्यात किंवा तळ्यात टाकू नयेत, कारण कॅबोम्बाचा एवढासा तुकडाही नव्याने फोफावतो. युरोपीय संघाने 2016 मध्ये कॅबोम्बा कॅरोलिनियाना ही जात आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत घातली आहे. तुकडे पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाकावेत.