पॉड फिल्टर लावल्यावर पोराची 110 सीसी एटीव्ही फुल रेसला गुदमरते, त्यावर काय केलं

पोराच्या एटीव्हीला (चार जाड चाकांची छोटी गाडी) पॉड फिल्टर, म्हणजे डबा काढून थेट कार्बोरेटरला लावायचा उघडा हवेचा फिल्टर, आन मोकळा सायलेन्सर बसवला, स्टार्ट मस्त, स्लो मस्त, पण वावरात अर्ध्याच्या वर रेस दिली की भॅssक करून दम सोडे. प्लग बदलला, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) बदलला, टाकी धुतली, फरक शून्य. लय डोकं गेलं होतं.

चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा) थोडा ओढून पळवली तर चांगली ओढली, तिथंच समजलं की हवा वाढली आन पेट्रोल तेवढंच राह्यलं, प्लगही पांढराफट्ट. अशी पळवत राहू नका, इंजिन जास्त तापून पिस्टन जाते.

इंजिन थंड होऊ द्या. पेट्रोल कॉक बंद करा, कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल डब्यात काढा, मग खालची वाटी खोला. मधोमध पितळी मेन जेट (फुल रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं) दिसते, ते बरोबर बसणाऱ्या चपट्या स्क्रूड्रायव्हरनं काढा. माझ्यात 80 नंबर होतं, 88 टाकलं, नंबर मोठा तसं पेट्रोल जास्त. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होते. मग वरचं झाकण खोलून सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर येते आन मधल्या रेसलाही पेट्रोल वाढते. शेवटी गरम इंजिनवर एअर स्क्रू आन स्लो सेट करा.

तपासायला स्वतः फुल रेसनं पळवा, तिथंच बंद करा, प्लग काढा. बदामी रंग बरोबर, काळी काजळी आली तर जेट एक नंबर कमी.

कापसाच्या दिवसात धूळ लय, फिल्टरला तेल लावाच. आन अंगठ्याच्या रेसजवळचा लिमिटर स्क्रू (रेस किती दाबली जाईल ते अडवणारा) पोराला देताना परत आत घ्या, हेल्मेटशिवाय चावी देऊच नका.