रक्त चढवायच्या तारखा आणि शाळेची हजेरी: जूनआधीची तयारी

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, पण आमच्या घरी तिची तयारी मे महिन्यातच सुरू होते. लेकीला थॅलेसेमिया मेजर हा जन्मजात आजार आहे; शरीरात पुरेसं रक्त तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि यंदा ती सहावीत जाईल. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्या नाशिककर आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. आजार दुसरा असला तरी यातलं बरंचसं कामी येईल.

आधी वही घेऊन हिशेबाला बसा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस धरले आहेत. ७५ टक्के हजेरीची अट खरी बोर्डाच्या परीक्षेची, पण खालच्या वर्गांतही शाळा तोच आकडा पुढे करतात, म्हणून तोच धरा. २२० चे ७५ टक्के १६५, म्हणजे ५५ दिवस हाताशी. शाळा चालू असताना आमच्या साधारण १४ खेपा होतात. एक दिवस क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दात्याचं रक्त जुळतं का हे बघण्यासाठी, नमुना द्यायचा, दुसऱ्या दिवशी रक्ताची पिशवी चढवायची. झाले २८. उरलेल्या २७ दिवसांत फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), हृदय, डोळे, कान यांच्या तपासण्या आणि पावसाळ्यातले ताप. हा हिशेब मांडल्यावरच मला सुचलं की क्रॉसमॅचचा नमुना शाळा सुटल्यावर घ्याल का, असं रक्तपेढीत विचारून बघावं. ते हो म्हणाले आणि एका झटक्यात १४ दिवस वाचले. तुम्हीही विचारा. रक्त चढवून त्याच दिवशी घरी सोडणारा डे-केअर विभाग शनिवारी चालू असेल तर तेही विचारा, कारण शनिवारी बऱ्याच शाळा अर्धा दिवसच असतात.

मग अर्ज. या कामात कंटाळा करू नका, कारण मी केला होता. लेक चौथीत असताना मी प्रत्येक सुट्टी फोनवर कळवायचे, फार तर डायरीत दोन ओळी लिहायचे. बाई समजूतदार होत्या, त्यामुळे सगळं सुरळीत चाललंय असं वाटायचं. वर्षाच्या मध्यात त्या शाळा सोडून गेल्या. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकावर शेरा आला: ‘वारंवार गैरहजर’. शाळेच्या कार्यालयात आमचा एकही कागद नव्हता. तो शेरा माझ्याआधी लेकीने वाचला आणि विचारलं, “आई, मी दवाखान्यात जायला नको होतं का?” त्या दिवसापासून आमच्या घरी एकही सुट्टी तोंडी जात नाही.

वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांच्या नावे एकच सविस्तर अर्ज द्या. त्यात आजाराचं नाव, किती आठवड्यांनी रक्त लागतं, पहिल्या सत्रातल्या अंदाजे तारखा आणि बुडालेली घटक चाचणी नंतर घेण्याची विनंती असू द्या. सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. ‘उपचार नियमित व दीर्घकाळ चालणारा आहे’ हे वाक्य त्यात मागून घ्या, नाहीतर दर वेळी नवं सर्टिफिकेट मागतात. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. पुढे प्रत्येक खेपेनंतर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणि चार ओळींचा रजेचा अर्ज दोन-तीन दिवसांत पोचता करायचा. नववी-दहावीत तर हे काटेकोरपणे. राज्य मंडळ असो की सीबीएसई, दोन्हीकडे ७५ टक्क्यांची अट आहे. सीबीएसई आजारपणासाठी सूट देते ती कागद बघूनच, आणि ते कागद त्या त्या वेळचे हवेत. राज्य मंडळाच्या शाळेत असाल तर नाशिक विभागीय मंडळाकडे जे काही जायचं ते शाळेमार्फतच जातं. म्हणून मुख्याध्यापकांशी नववीच्या जूनमध्येच बोला.

“अशाने नाव काढून टाकावं लागेल,” असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षेत मूल अनुत्तीर्ण झालं तरी निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावी लागते. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाप्रमाणे अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होत नाही. तुमची शाळा त्यात येते का, हे आधीच विचारून ठेवा.

दिव्यांग प्रमाणपत्राचं काम सुट्टीतच उरका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे तिन्ही रक्ताचे आजार त्यात आहेत. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या सिकलसेल असलेल्या मुलांच्या पालकांपर्यंत हे पोचायलाच हवं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा आणि तपासणीला जिल्हा शासकीय रुग्णालयात जायचं. जाताना आधार, फोटो आणि रक्त चढवल्याच्या सगळ्या नोंदी न्या. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाची नोंद झाली तर १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. आमच्या सासूबाईंना ‘दिव्यांग’ हा शब्द लेकीच्या नावापुढे नको होता आणि त्यांचं दुःख मला कळत होतं. त्यात आमचं एक वर्ष गेलं. तुमचं जाऊ देऊ नका.

आता वर्गशिक्षकांना द्यायचं कार्ड. पोस्टकार्डाएवढा कागद, मोठ्या अक्षरात, दोन फोन नंबर. पहिली ओळ: ताप आला तर लगेच फोन करा, शाळा सुटेपर्यंत थांबू नका. शरीरात साठलेलं लोह काढायला डेफेरिप्रोन हे औषध चालू असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अचानक घटू शकतात. पानथरी काढलेल्या मुलांनाही जंतुसंसर्ग पटकन आणि जोरात होतो. दुसरी ओळ: लोहाची गोळी देऊ नका. पहिली ते पाचवीच्या मुलांना गुलाबी आणि पुढच्यांना निळी गोळी शाळेत दर आठवड्याला मिळते. ॲनिमियासाठी ती चांगलीच, पण आपल्या मुलाच्या अंगात चढवलेल्या रक्ताचं लोह आधीच जास्त असतं. ‘रक्त कमी आहे ना, मग हिला आधी द्या’ ही चूक प्रेमापोटीच होते, म्हणून हे लेखीच द्या. मुलालाही ‘मला ती चालत नाही’ एवढं म्हणायला शिकवा. तिसरी ओळ: रक्त चढवायच्या आधीच्या आठवड्यात दम लागतो, तेव्हा परिपाठाला किंवा पीटीला बसू द्या.

परीक्षांचं वेळापत्रक हाती आलं की ते डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन उतरलेलं असताना मुलाला गणिताचा पेपर द्यावा लागू नये. तारीख दोन-चार दिवस अलीकडे घेता आली तर डॉक्टर बहुधा घेतात. मे महिन्यात आणि दिवाळीत रक्तदाते कमी होतात, तेव्हा आपल्या रक्तगटाच्या चार-पाच ओळखीच्यांना आधीच सांगून ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. पंचवटी, द्वारका भागातून जाणाऱ्यांनी त्या दिवसांत खेप ठेवूच नये.

वर्गातल्या मुलांना काय सांगायचं, हे लेकीला विचारून ठरवा. माझी म्हणाली, “रक्त घ्यायला जाते एवढंच सांग, बिचारी म्हणू नका.” बाईंना मी तिचंच वाक्य सांगितलं. आता तिची मैत्रीण सुट्टीच्या संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो पाठवते आणि त्याखाली दुसऱ्या दिवशीच्या डब्यात काय हवं तेही विचारते.